बुलेट ट्रेन: परवडते कुणाला, लागते कुणाला

२०१४ च्या सुरुवातीला थायलंडच्या घटनात्मक न्यायालयात दोन लाख कोटी बाथच्या कर्जाचा कायदा सुनावणीला आला होता. त्या कर्जातला मोठा वाटा अतिवेगवान रेल्वेसाठी होता. सुनावणीत एका न्यायमूर्तींनी सरकारी बाजूला ऐकवले, की देशातले कच्चे रस्ते आधी संपवा, मग या गाडीचे बघा. मार्चमध्ये न्यायालयाने कायदाच रद्द केला.

हा सवाल त्या न्यायमूर्तींनी पहिल्यांदा केला असे नाही. मोरोक्कोत २०१२ च्या सुमारास ‘टीजीव्ही (म्हणजे अतिवेगवान रेल्वे) थांबवा’ अशी मोहीम चालली, तेव्हा या गाडीच्या पैशात किती शाळा उभ्या राहतील याचे हिशेब लोकांनी मांडले होते. अर्जेंटिनाने २००८ मध्ये ब्यूनस आयर्स ते कोर्दोबा बुलेट ट्रेनचा गाजावाजा केला. पुढे पैशाअभावी ती योजना बासनात गेली, आणि २२ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच राजधानीतल्या ओन्से स्थानकात गर्दीने भरलेली लोकल फलाटाच्या टोकावर आदळून ५१ माणसे मेली. आपल्याकडे तर दोन तारखा शेजारी शेजारीच आहेत. १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादेत नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांनी मुंबई–अहमदाबाद मार्गाची पायाभरणी केली. २९ सप्टेंबरला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले.

‘आधी पूल बांधा, मग बुलेट’ हे त्या आठवड्यात मुंबईत ज्याच्या त्याच्या तोंडी होते. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. सरकारचा पैसा एकाच गल्ल्यात नसतो. जपानच्या ‘जायका’ या संस्थेने बुलेट ट्रेनला दिलेले कर्ज, सुमारे ८८ हजार कोटी रुपये, ०.१ टक्का व्याजाने आणि ५० वर्षांच्या मुदतीने, हे त्या प्रकल्पासाठीच होते. ते नाकारले असते तर प्रभादेवीचा पूल रुंद झाला असता असे नाही. तो पूल पैशावाचून अडला नव्हता, फायलीत अडला होता. पण उरलेला अर्धा भाग खोडता येत नाही. हीच ‘जायका’ मुंबईच्या मेट्रो-३ ला, अटल सेतूला आणि मालगाड्यांच्या पश्चिम समर्पित मार्गिकेला कर्ज देत आली आहे. म्हणजे जपानी पैसा फक्त बुलेटलाच मिळतो हेही खरे नाही. दर इतका पडता मिळाला नसता, पण मागायचे काय हे आपणच ठरवत होतो.

तेव्हा शाळा की गाडी, पूल की बुलेट, या जोड्या बाजूला ठेवू. ज्या देशांनी ही गाडी आणली त्यांचे पुढे काय झाले, ते बघितलेले बरे.

सुरुवात जपानपासून करावी लागते. तोक्यो–ओसाका शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली तेव्हा जपान श्रीमंत देशांत नुकता पाऊल टाकत होता. या मार्गासाठी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचे कर्ज १९६१ मध्ये घेतले, ते १९८१ मध्ये फिटले. एके काळी त्या बँकेच्या मोठ्या कर्जदारांत भारताच्या खालोखाल जपानचा नंबर होता, हे आज सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. त्या वेळी जगभर विमान आणि मोटार हेच भविष्य मानले जात होते. या रेल्वेला टीकाकार यामातो युद्धनौकेच्या पंक्तीत बसवत, म्हणजे अवाढव्य, महाग आणि निरुपयोगी.

रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा या जोडीने ते रेटून नेले. रेटण्याची रीत मात्र आदर्श नव्हती. खरा आकडा सांगितला तर संसद मंजुरी देणार नाही हे ओळखून सोगोंनी खर्च सुमारे २०० अब्ज येन इतकाच दाखवला. शेवटी तो ३८० अब्जांवर गेला. जागतिक बँकेचे कर्ज घेण्यामागेही हिशेब होता: बाहेरच्या बँकेला शब्द दिला की पुढचे सरकार काम अर्धवट सोडू शकणार नाही. खर्च उघडा पडल्यावर १९६३ मध्ये दोघांनाही पायउतार व्हावे लागले, आणि पहिली गाडी सुटली त्या समारंभाला दोघांनाही बोलावणे नव्हते. प्रकल्प अहवालातला खर्च म्हणजे निव्वळ सुरुवातीची बोली असते, ही प्रथा तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही.

तरीही हा मार्ग चालला, आणि तुफान चालला. वेग हे त्याचे दुय्यम कारण. जपानच्या एकूण रेल्वेमार्गांपैकी जेमतेम तीन टक्के लांबीचा जुना तोकाइदो मार्ग देशाची सुमारे एक चतुर्थांश वाहतूक ओढत होता. रूळ तुंबले होते. आणखी गाडी घालायला वेळापत्रकात जागाच उरली नव्हती, म्हणजे नवे रूळ टाकायचेच होते. प्रश्न एवढाच होता, की टाकायचेच आहेत तर जुन्या अरुंद गेजचे टाकायचे की रुंद आणि सरळ टाकायचे. सोगोंनी दुसरा पर्याय घेतला. नव्या मार्गाचा बराचसा खर्च तसाही होणारच होता, वेगासाठी वरचा भार तेवढा पडला.

माझ्या मते या सगळ्या वादाची नाडी इथे आहे. जुना मार्ग भरून वाहत असेल आणि नवा टाकण्यावाचून गत्यंतर नसेल, तर वेगवान रेल्वेचा विचार गरीब देशानेही करावा. जुना मार्ग निम्मा रिकामा असेल, किंवा सिग्नल बदलून, वळणे सरळ करून, दुसरी-तिसरी मार्गिका टाकून भागत असेल, तर तोच पैसा चैनीत जमा होतो.

याच जपानमध्ये दुसरी बाजूही दिसते. पहिला मार्ग गाजल्यावर प्रत्येक पुढाऱ्याला आपल्या गावाला शिंकान्सेन हवी झाली. माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांच्या निइगाता या घरच्या प्रांताला १९८२ मध्ये ती मिळाली. डोंगर पोखरून गेलेल्या त्या मार्गाला ‘तानाकांची गाडी’ म्हणत. राष्ट्रीय रेल्वेवर १९८७ पर्यंत ३७ लाख कोटी येनचा बोजा चढला आणि ती मोडून तिच्या वेगळ्या कंपन्या कराव्या लागल्या. या कर्जाला पगार, निवृत्तिवेतन, तोट्यातल्या गावगाड्या अशी इतरही कारणे होती. पण पहिल्या मार्गाचे यश दाखवून चौथा-पाचवा मार्ग पदरात पाडून घ्यायचा, ही चाल तिथे शिकून झाली होती. पुढे चीनने ती हजारपटीने खेळली.

चीनबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात, एक भाबड्या कौतुकाचा आणि दुसरा ‘तिथे हुकूमशाही आहे’ एवढेच म्हणून हात झटकणारा. २००८ मध्ये बीजिंग–त्येनजिन मार्ग सुरू झाला आणि २०२४ च्या अखेरीस जाळे सुमारे ४८ हजार किलोमीटरचे झाले. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अभ्यासानुसार चीनचा बांधकाम खर्च इतर देशांच्या सुमारे दोन तृतीयांश पडला. त्याचे कारण केवळ स्वस्त मजुरी नव्हे. पुलाचे गाळे, स्लॅब, सिग्नल सगळे एकाच मापाचे, आणि कंत्राटदाराला पुढची दहा वर्षे काम मिळणार याची खात्री. यंत्रे एकदा घेतली की ती एका मार्गावरून उचलून दुसऱ्यावर न्यायची. पाचशे किलोमीटरचा एकुलता एक मार्ग बांधणाऱ्या देशाला हा फायदा मिळतच नाही. त्याने चीनच्या दराचे स्वप्न बघू नये. आणि चीनलाही किंमत मोजावी लागली. रेल्वेमंत्री ल्यू झिजुन यांना लाचखोरीत २०१३ मध्ये स्थगित मृत्युदंड झाला, २०११ च्या वनझोऊ अपघातात ४० जण मेले, आणि बीजिंग–शांघाय मार्ग नफ्यात असला तरी पश्चिमेकडचे वाळवंटातले मार्ग तोट्यात आहेत.

नफ्याचा विषय निघालाच आहे तर थोडे आकडे. स्पेनचे अर्थशास्त्रज्ञ खिनेस दे रुस यांनी युरोपातल्या पाचशे किलोमीटरच्या मार्गासाठी हिशेब मांडला, की पहिल्याच वर्षी ८० लाख ते एक कोटी प्रवासी मिळाले तरच खर्च समाजाच्या दृष्टीने वसूल होतो. आयआयएम अहमदाबादच्या २०१६ च्या अभ्यासात मुंबई–अहमदाबादला रोज ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी लागतील असा अंदाज होता. वर्षाला तीन-चार कोटी. दोन्ही अभ्यासांची कसोटी एक नाही, त्यामुळे आकडे थेट तोलता येत नाहीत. पण आपला आकडा मोठा येण्याचे कारण उघड आहे. गाडी, सिग्नल, रुळाखालची स्लॅब जागतिक भावाने घ्यायची आणि तिकीट मात्र आपल्या खिशाला झेपेल असे ठेवायचे. मग माणसे जास्त बसवावी लागतात.

आणखी एक हिशेब यात दडलेला असतो, तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. अशा प्रकल्पाचा मुख्य फायदा म्हणजे वाचलेला वेळ, आणि अर्थशास्त्रज्ञ त्या वेळेचे मोल प्रवाशाच्या कमाईवरून लावतात. जिथे तासाची कमाई कमी तिथे वाचलेला तासही स्वस्त. ऐकायला निर्दय वाटते खरे, पण त्यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो: थांबणे हाही पर्याय आहे. व्हिएतनामच्या संसदेने जून २०१० मध्ये हनोई–हो चि मिन्ह शहर या ५६ अब्ज डॉलरच्या मार्गाला नकार दिला. एकपक्षीय राजवटीतल्या संसदेने सरकारी प्रस्ताव परत पाठवावा, ही तेव्हा बातमीच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच १,५४१ किलोमीटरच्या मार्गाला ६७ अब्ज डॉलरची मंजुरी मिळाली. मधल्या चौदा वर्षांत खर्चाचा अंदाज जेवढा वाढला, त्याहून देशाचे उत्पन्न कितीतरी जास्त वाढले. उशिराने व्हिएतनामचे फारसे बिघडले नाही.

घाईने काय होते ते इंडोनेशियात जकार्ता–बांडुंगला दिसते. १४२ किलोमीटरचा हा मार्ग. आधीचा अभ्यास जपानचा, पण २०१५ मध्ये काम चीनला मिळाले, कारण चीनने सरकारी हमी मागितली नाही. फुकटात मिळते आहे असे वाटले. खर्च सहा अब्ज डॉलरच्या आतून सात अब्जांच्या वर गेला, २०२१ मध्ये अध्यक्षांना फर्मान काढून सरकारी तिजोरी उघडावी लागली, आणि ‘व्हूश’ नावाची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये धावू लागली. जकार्तात ती शहराच्या पूर्वेला हालीमहून सुटते. बांडुंगला जाणारा माणूस पाडालारांगला उतरतो, फलाट बदलतो आणि जोडगाडीने वीसेक मिनिटांत गावात पोहोचतो. गाडी उत्तम आहे, लोक बसतातही. पण कर्जाचा हप्ता तिकिटातून निघत नाही, आणि २०२५ मध्ये तो कुणी भरायचा यावरून अर्थमंत्री आणि सरकारी कंपन्या यांच्यात उघड जुंपली. तैवानचीही कथा साधारण हीच. तिथे २००७ चा मार्ग खासगी कंपनीने बांधला, दोनच वर्षांत ती बुडायला आली, सरकारला ताबा घ्यावा लागला आणि मार्ग चालवण्याच्या हक्काची मुदत ३५ वरून ७० वर्षे करावी लागली. तोवर तैपेई–काओशुंग विमाने मात्र बंद पडली होती. प्रवाशांनी गाडीला केव्हाच कौल दिला होता, कर्जाच्या हप्त्यांना मात्र तेवढा दम नव्हता.

मोरोक्कोकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘अल बोराक’ तांजिये ते कासाब्लांका ३२३ किलोमीटर धावते, पण नवा मार्ग फक्त केनित्रापर्यंतचा, १८६ किलोमीटरचा. पुढे ती जुन्याच रुळांवर, जुन्याच स्थानकांत शिरते. जिथे जागा मोकळी तिथे ३२० चा वेग, जिथे शहर दाट तिथे होते ते रूळ सुधारून घेतले. आफ्रिकेतल्या या पहिल्या मार्गावर वर्षाला पन्नास लाखांवर प्रवासी जातात. मराकेशपर्यंतचे पुढचे काम सुरू झाले ते २०२५ मध्ये, म्हणजे पहिला तुकडा सहा-सात वर्षे चालवून बघितल्यावर. उझबेकिस्तानने आणखी काटकसर केली. बहुतांश जुना मार्गच नीट करून त्यावर स्पेनची गाडी घातली, आणि ताश्कंद–समरकंद ३४४ किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत आले. जुने रूळ आधी नीट करायला हवेत, नुसता वेग वाढवून चालत नाही, हे तुर्कस्तानने २००४ मध्ये पामुकोवाजवळ सुमारे चाळीस जीव देऊन शिकून घेतले.

मोरोक्कोला हे जमले, कारण नवा आणि जुना मार्ग एकाच गेजचा. आपली अडचण नेमकी इथे होते. भारतीय रेल्वेचे गेज १,६७६ मिलिमीटर, बुलेट ट्रेनचे १,४३५. जपानी गाडी साबरमतीच्या पुढे दिल्लीकडे इंचभर सरकू शकत नाही आणि राजधानी एक्स्प्रेस बुलेटच्या रुळावर चढू शकत नाही. हे ठरवताना जपानी तंत्र जसेच्या तसे उचलायचे हे आधी ठरले, गेज त्यामागून आले.

याचा परिणाम पालघर जिल्ह्यात उभे राहून बघावा. विरार ते डहाणू आजवर दोनच रूळ. त्यावरच २०१३ पासून डहाणू लोकल, त्यावरच मेल-एक्स्प्रेस, त्यावरच मालगाड्या. मागून राजधानी आली की लोकल बाजूला काढतात आणि बोईसरला कामाला निघालेला माणूस घड्याळ बघत दारात उभा राहतो. या पट्ट्याच्या चौपदरीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे बुलेटच्या पायाभरणीच्या आधी. बुलेट सुरू झाली तरी लोकलच्या दारातल्या त्या माणसाची सुटका होईलच असे नाही. अहमदाबादला जाणारे प्रवासी तिकडे वळतील, पण दिल्ली, राजस्थान, सौराष्ट्राच्या गाड्या याच रुळांवर राहणार. त्याला खरा दिलासा चौपदरीकरणाने आणि मालगाड्यांच्या समर्पित मार्गिकेने मिळायचा आहे. जमीन मात्र तिन्ही कामांसाठी इथलीच. पालघरच्या आदिवासी पाड्यांनी ग्रामसभांचे ठराव करून बुलेटला विरोध केला तो वेगाच्या तिटकाऱ्याने नव्हे. सातबारा आमचा आणि थांबा बोईसर-विरारला, तिकीट आम्हाला न परवडणारे, एवढा सरळ व्यवहार त्यांनी बोलून दाखवला.

तरीही मार्गाची निवड चुकली असे मी म्हणणार नाही. ५०८ किलोमीटर अंतर, दोन टोकांना दोन महानगरे, मध्ये सुरत-वडोदरा, आणि जुना मार्ग तुडुंब. भारतात पहिला मार्ग कुठे, याचे कागदावरचे उत्तर हेच येते. चुकले ते जोडणीत. ठाण्याचे स्थानक दिव्याजवळ म्हातार्डीला, सुरतचे शहराबाहेर अंत्रोलीला. वांद्रे-कुर्ला संकुलातले स्थानक मात्र जमिनीखाली आणि मेट्रो-३ च्या हाकेच्या अंतरावर, हे चांगले झाले. रखडपट्टीचा दोष सगळाच महाराष्ट्राच्या माथी मारतात, त्यातही तथ्य थोडेच. विक्रोळीच्या जमिनीचा खटला, खारफुटीची परवानगी, २०१९ नंतरचा राजकीय फेरविचार यात वर्षे गेली हे खरे. पण ठाणे खाडीखालच्या सात किलोमीटरसह २१ किलोमीटरचा बोगदा खणायला कोणतेही सरकार असले तरी वेळ लागणारच होता.

आता २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात आणखी सात मार्ग आले आहेत, त्यात मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद. दोघांना एकाच तागडीत घालू नये. मुंबई–पुण्याची अडचण वेगाची नाही, घाटाची आहे. बोरघाटातला चढ ३७ ला १. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिने लागतात, फलाटावर वडे खाऊन होतात आणि मग गाडी ढकलत ढकलत खंडाळ्याला चढते. १९३० मध्ये सुरू झालेली डेक्कन क्वीन आजही १९२ किलोमीटरला तीन तासांहून अधिक घेते. इथे जुना मार्ग सुधारायला वावच उरलेला नाही. द्रुतगती मार्ग सुट्टीच्या दिवशी थबकतो. नवा बोगदा आज ना उद्या खणावाच लागणार, म्हणजे सोगोंचा प्रश्न इथे लागू पडतो: खणायचाच आहे तर सरळ खणा. आधुनिक गाडीच्या अनेक डब्यांखाली मोटारी असल्याने तिला बँकर लागत नाही. जर्मनीत कोलोन–फ्रँकफर्ट मार्गावर अशा गाड्या बोरघाटाहून तीव्र, २५ ला १ असा चढ चढतात.

पुणे–हैदराबादचे तसे नाही. सुमारे सहाशे किलोमीटरला शताब्दी आठ तासांहून अधिक घेते. दौंड–सोलापूर–वाडी दुहेरीकरण झालेले आहे, प्रदेश बहुतांश सपाट आहे. सरासरी ताशी ११० धरली तरी साडेपाच तास होतात, आणि तेवढ्यासाठी वेगळ्या गेजचा वेगळा मार्ग लागत नाही. सोलापूरकरांना बुलेटच्या थांब्याची आशा दाखवण्यापेक्षा हे आधी करून दाखवता येईल. आणि रोह्यापुढचा बहुतेक कोकण रेल्वेमार्ग १९९८ पासून एकेरी आहे, पावसाळ्यात वेग उतरवतात, क्रॉसिंगला गाडी तासनतास उभी राहते. त्याचा दुसरा रूळ या सात मार्गांच्या यादीत कुठेच नाही. चाकरमान्यांच्या मतांना बहुधा भाव कमी असावा.

मुंबई–पुण्याचा प्रकल्प अहवाल हाती येईल तेव्हा खर्चाचा आकडा मी सोगोंच्या आठवणीने वाचेन, म्हणजे दुप्पट करून. त्याआधी नकाशात पुण्याचे स्थानक शोधेन. ते शिवाजीनगर-स्वारगेटला मेट्रोच्या कुशीत असेल तर पुढची पाने उलटायची. पार उरुळीच्या बाजूला टाकले असेल, तर घाट पाऊण तासात ओलांडून आलेला माणूस तेवढाच वेळ हडपसरच्या गर्दीत रिक्षात बसलेला असेल.